पाण्यापलीकडची ओ

पियूषने नोकरी बदलली, तेव्हा मधला महिना मोकळा मिळाला. हिंजवडीतल्या एका कंपनीत तो दिवसभर फोनवर परदेशी ग्राहकांशी बोलायचा आणि नवीन लोकांना बोलायला शिकवायचा. मी बाणेरच्या एका दवाखान्यात कानांची तपासणी करते. आवाजावरच आमच्या दोघांचं पोट. मीही साठवलेली रजा काढली, जांबे गावातला आमचा फ्लॅट बंद केला आणि मुळशी धरणाच्या पाण्याकाठी, ताम्हिणीच्या अलीकडे, आम्ही महिनाभरासाठी एक घर घेतलं. लग्नानंतरची आमची पहिली मोठी सुट्टी.

डिसेंबर होता. भात कापून झालेलं, खाचरांत नुसते बुडखे. अंगणातून उतार थेट पाण्यात जायचा. समोर उभा कडा. त्या बाजूला ना वस्ती ना रस्ता. स्वयंपाकाला वरच्या वाडीतून सारजाबाई यायच्या.

पोचलो त्याच दुपारी पियूष पाण्याशी गेला आणि तोंडाशी हात धरून ओरडला, "सोनल!" कड्यावरून माझं नाव परत आलं. तो लहान मुलासारखा हसला. आवाज जाऊन यायला किती वेळ लागला त्यावरून कडा किती लांब असेल, ते मी त्याला सांगितलं. मग तो रोजचाच खेळ झाला. तो माझ्या नावातला 'न' लांबवायचा. कडाही लांबवायचा.

आठवड्याच्या आत त्याचा घसा बसला. मिठाच्या गुळण्या झाल्या, हळदीचं दूध झालं. मी त्याला ओरडणं बंद करायला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पायरीवर चहा पीत होतो. पलीकडून हाक आली, "सोना...ल."

पियूषच्या ओठांना कप लागलेला होता.

कुणी गुराखी नक्कल करत असेल, असं मी म्हटलं. थंड हवा पाण्यावर बसली की लांबचा आवाज जवळ वाटतो, हेही समजावलं. तो मान डोलवत राहिला.

संध्याकाळच्या भाकरी थापताना सारजाबाईंनी विचारलं, "साहेब पल्याड कुनाला हाका मारत व्हते?"

"ते इथंच होते. घसा बसलाय त्यांचा."

"मग आमी वाडीवर ऐकलं ते?" त्यांनी दाराआडून पियूषकडे पाहिलं आणि भाकरी तव्यावर टाकली. त्यानंतर त्या ऊन कलायच्या आतच घरी जायला लागल्या.

पौडच्या डॉक्टरांनी घसा पाहिला. थोडा लाल आहे, बोलू नका, एवढंच म्हणाले. गोळ्या दिल्या. पण आवाज रोज कमीच होत गेला. आधी घोगरा, मग कुजबुज, मग नुसता श्वास. ताप नाही, दुखणं नाही. जेवायचा, झोपायचा, मात्र चेहरा उतरत चालला होता. नव्या नोकरीचं काय होणार, हे आम्ही दोघंही बोललो नाही.

पलीकडचा आवाज मात्र चांगला झाला.

आता तो ओरडत नव्हता. कपडे वाळत घालताना मला ऐकू यायचं, "पाणी तापलं का?" कधी, "चष्मा पाहिलास माझा?" घरातल्या घरात बोलावं तसा, साधा, हळू. एवढ्या हळू बोललेलं एवढ्या पाण्यावरून पोचत नाही. माझं कामच हे आहे, मला माहीत आहे. मी कान झाकून पाहिले. आवाज बंद झाला. म्हणजे तो माझ्या डोक्यातला नव्हता, बाहेरूनच येत होता.

एका दुपारी पियूष बराच वेळ काठावर बसून होता. मी शेजारी गेले, तेव्हा त्याने मोबाईलवर लिहून दाखवलं, 'तो मीच आहे.'

थोड्या वेळाने त्याखाली लिहिलं, 'निघू या.'

अर्धा महिना बाकी होता. सकाळी सामान बांधलं. सारजाबाई आल्या नाहीत. त्यांचे यजमान भिकू किल्ली घ्यायला आले. डिकीत बॅगा ठेवताना म्हणाले, "पल्याड कुनी ऱ्हात न्हाई, ताई. मी होडी घिऊन जाऊन आलो."

"मग?"

"आवाज तितंबी व्हता. मानूस न्हवता."

पियूषने पट्टा लावला. मी गाडी सुरू केली.

"सोनल," पाण्याकडून आलं, "मला ठेवून कुठं चाललीस?"

त्यात राग नव्हता. बाजारात मी पुढे गेले की तो विचारायचा, तसं विचारलं होतं. शेजारी पियूष ओठ घट्ट मिटून समोर बघत होता. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. माझा पाय ब्रेकवर गेला. त्याने माझा हात धरला आणि गियरवर ठेवला.

पिरंगुट मागं पडेपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

पुण्यात घशात दुर्बीण घालून तपासलं. स्वरतंतू निरोगी निघाले. नीट उघडतात, नीट मिटतात. डॉक्टरांनी त्याला खोकायला सांगितलं. तो खोकला. छाती हलली, मान हलली. खोलीत आवाज झाला नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग मनाच्या उपचारांसाठी दुसऱ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं.

तिथंही गेलो. आणखी दोन ठिकाणी गेलो. नव्या कंपनीने थोडे दिवस थांबून दुसरा माणूस घेतला.

मग एक दिवस तो भांडी घासत होता. मी दारात उभी होते. पातेल्यावर पातेलं ठेवलं जात होतं, आणि मला नळाचं पाणी तेवढं ऐकू येत होतं.

आता त्याची पावलंही वाजत नाहीत. तो मागून येऊन उभा राहतो आणि मी दचकते. मी दचकले की त्याला वाईट वाटतं. म्हणून तो बहुतेक वेळ एका जागी बसून राहतो.

परवा दुपारी सारजाबाईंचा फोन आला.

"साहेब बरं हायेत का?"

"नाहीत," मी म्हटलं. "तिथं अजून आवाज येतो का?"

"येतोय की. पर आता एकला न्हाई. बाई ओ देती त्याला. लई बोलत्यात दोघं."

"कोण बाई?"

"तुमीच की, ताई. सकाळधरनं हसताय."

पियूष समोर बसला होता. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सावकाश उठून उभा राहिला. मी बोलायला तोंड उघडलं.

"ताई?" सारजाबाई म्हणाल्या. "ताई, आवाज येत न्हाई तुमचा."