ऐरणीवर दोन ठोके

हे खरं घडलंय. माझ्या मामा-मामीच्या बाबतीत घडलंय.

मामी म्हणजे जेवणात मीठ जास्त पडलं, तर कोणी घास घ्यायच्या आत स्वतःच सांगून टाकणारी बाई. खोटं बोलणं तिला जमत नाही. तिने मला हे एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं तर उठून कामाला लागते.

वादळाचा तिसरा दिवस होता. दुपारचे दोन वाजले होते. तीन दिवस वीज नव्हती.

मामाचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज घरामागे, अंगणापलीकडे, वेगळं बांधलेलं. पाच वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ तिथेच गेला. तेव्हाही वीज नव्हती आणि पाऊस मी म्हणत होता. थोरल्याने जनरेटर आत घेतला, शटर खाली ओढलं आणि कामाला लागला. संध्याकाळी शटर उघडलं, तेव्हा आधी सगळ्यांना वाटलं, दमून झोपलाय.

थोरला मामाचा जीव की प्राण होता. शाळेत एक वर्ष नापास होऊन तो मामाच्याच वर्गात आला होता. मामा पक्का झोपाळू. हा घरी पांघरुणात आणि तिकडे हजेरीला थोरला आवाज बदलून "हजर!" म्हणायचा. "तू झोप, मी देतो उत्तर," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तो गेल्यावर मामाने नियमच केले. जनरेटर गॅरेजपासून वीस पावलांवर, पत्र्याच्या छपराखाली. धुराचं तोंड गॅरेजकडे नाही, घराकडेही नाही. तिथून जाड केबल. आधी मेनचा खटका खाली, मगच जनरेटरचा वर. नाहीतर उलटी वीज जाऊन खांबावरचा वायरमन मरायचा.

आणि शेवटचा नियम. दर अर्ध्या तासाने मामीने शटरवर दोनदा ठोकायचं. आतून मामाने ऐरणीवर हातोडीचे दोन ठोके द्यायचे. जनरेटरच्या घरघरीत हाक ऐकू येत नाही, लोखंड ऐकू येतं.

उत्तर आलं नाही, तर शटर उचलायचं.

"अहो, वीज आल्यावर करा ना," मामी म्हणाली. "डॉक्टर काय पळून जातायत?"

"अगं, गाडीवाचून त्यांचे पेशंट अडलेत. चारनंतर न्यायला येतील." मामा टोपी चढवत म्हणाला. "तू ठोकायला विसरू नकोस म्हणजे झालं."

"आजवर कधी विसरलेय?"

अडीच वाजता ती छत्री घेऊन गेली. पावसाची झड आत येते म्हणून शटर खाली ओढलेलं होतं. ठक, ठक.

आतून... ठण्ण, ठण्ण.

जनरेटरचा आवाज आज जवळून येतोय, असं तिला वाटलं. वारा फिरला असेल, म्हणून ती परतली. तेवढं डोकावून पाहिलं असतं तर, हे ती अजून स्वतःला ऐकवते. सकाळच्या वाऱ्याने छपराचे पत्रे उडाले होते. मामाने जनरेटर ओढून गॅरेजच्या मागच्या वळचणीला ठेवला होता. बरोबर झरोक्याखाली. तासाभराचंच काम, म्हणून. पाच वर्षांत पहिल्यांदाच.

तीन वाजता ठोकलं. दोन ठोके आले.

साडेतीनला ठोकलं. या वेळी उत्तर लगेच आलं. जरा जास्तच लगेच... तिने हात खाली घ्यायच्या आत.

चारला पाच मिनिटं कमी असताना घरघर थांबली. पेट्रोल संपलं असणार. तो डबा घ्यायला बाहेर येईल, म्हणून मामी दारात उभी राहिली.

कोणी आलं नाही.

ती अंगण ओलांडून गेली. शटरखालची उजेडाची रेघ गेली होती. आत मिट्ट काळोख.

तिने ठोकलं.

ठण्ण, ठण्ण.

दिवा नाही आणि हा हातोडी घेऊन काय करतोय?

"अहो!"

घरघर थांबली होती. आता तर आवाज ऐकू जायला हवा होता.

"अहो, बोला ना काहीतरी!"

ठण्ण... ठण्ण.

मामीने छत्री टाकली आणि दोन्ही हातांनी शटर उचललं.

मामा डॉक्टरांच्या गाडीपाशी आडवा पडला होता. चेहरा थोरल्यासारखाच शांत. ऐरण पार दुसऱ्या कोपऱ्यात, सात-आठ पावलं लांब. तिथे कोणी नव्हतं. हातोडी भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होती...

आणि हळूहळू डोलत होती.

मामीने त्याच्या काखांत हात घालून त्याला बाहेर पावसात ओढलं. तेवढ्यात गाडी न्यायला डॉक्टरच आले, म्हणून तो वाचला. गाडी सुरू होण्याइतपत दुरुस्त झाली होती; तिच्यातूनच त्यांनी त्याला नेलं, ऑक्सिजन लावला.

"या धुरातल्या वायूला वास नसतो, कळतच नाही," ते म्हणाले. "तासाभरापासून तरी बेशुद्ध असणार."

"छे, डॉक्टर. चार वाजेपर्यंत हे ठोके देत होते."

डॉक्टरांनी मान हलवली. "शक्य नाही," एवढंच म्हणाले.

चार दिवसांनी मामा घरी आला. मामीने धीर करून विचारलं.

"अडीचला मी दिले," तो म्हणाला. "मग डोकं जड झालं. खाली बसलो. तीनला तू ठोकलंस ते ऐकलं, पण हात उचलेना. तेवढ्यात... ऐरणीपाशी दादा दिसला. हातोडी घेऊन."

"काही म्हणाले?"

"म्हणाला, तू झोप. मी देतो उत्तर."

मामी त्या रात्री खूप रडली. भाऊजी वाचवायला आले होते, की सोबत न्यायला? वाचवायचं होतं, तर गप्प का राहिले नाहीत? उत्तर आलं नसतं, तर तिने तीनलाच शटर उचललं असतं.

जनरेटर देऊन टाकला. गॅरेजला कुलूप लागलं. मामा आता रस्त्यावरच्या भाड्याच्या जागेत काम करतो. प्रकरण मिटलं, असं वाटलं होतं.

गेल्या महिन्यात संध्याकाळी मामी ओट्याशी ताटं वाढत होती. मागे न बघताच तिने हाक मारली, "अहो, जेवायला या."

"आलो."

आवाज अंगणातून आला. गॅरेजच्या बाजूने.

ती वळली. मामा तिच्या पाठीशीच टेबलाशी बसला होता. पाण्याचा पेला तोंडाला लावलेला, डोळे अंगणाच्या दाराकडे. त्यानेही ऐकलं होतं.

त्याने पेला हळूच खाली ठेवला.

"दार लाव," तो म्हणाला.

तेव्हापासून मामी त्याला लांबून हाक मारत नाही. जवळ जाते, खांद्याला हात लावते आणि मगच काय ते विचारते.