एका बेकरीवाल्याच्या दोन अर्थव्यवस्था

"तुमच्या फिल्मनं माझ्या वर्गात दंगल घडवली!" दारातूनच तो म्हणाला आणि पत्र्याचा गोल डबा त्यानं तिच्या टेबलावर आदळला.

ती शाळांसाठीच्या जुन्या शैक्षणिक फिल्म दुरुस्त करणारी, तो अर्थशास्त्राचा मास्तर. ओळख एवढीच, तीही त्याच क्षणी झालेली.

तिनं रीळ यंत्रावर चढवलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. खुल्या बाजाराच्या फिल्मला सरकारी नियोजनाच्या फिल्मचा उत्तरार्ध चिकटला होता! दोन्हीकडे बेकरीवाला म्हणून एकच नट. तुटलेले तुकडे जोडताना तिनं नुसतं त्याचं टक्कल बघितलं होतं. पावाचा भाव स्वतः ठरवणारा तो गडी अर्ध्या वाटेत अचानक अधिकाऱ्यापुढे मान डोलावू लागला होता.

"मुलं विचारतात, सर, याचं दुकान कुणी घेतलं?"

"मग... काय सांगितलंत?"

"तासभर भांडलो आम्ही. माझ्या तासाला पहिल्यांदाच कुणी झोपलं नाही." राग त्याला फार वेळ धरता आला नाही. "अशी बिघडलेली आणखी एखादी आहे का?"

मग तो दर सोमवारी एक फिल्म न्यायला येऊ लागला. ती सांधे चिकटवायची, तो शेजारी बसून फिल्ममधल्या निवेदकाच्या चुका काढायचा.

"मक्तेदारी म्हणजे विकणारा एकच. त्याचीच मर्जी," तो एकदा म्हणाला.

"म्हणजे या खोलीत माझी."

"हो... आणि गिऱ्हाईकालाही दुसरीकडे जायचं नाही," असं म्हणून तो स्वतःच कानापर्यंत लाल झाला.

दुरुस्तीच्या फिल्मचं कपाट मात्र रिकामं होत चाललं. शेवटची एकच फिल्म राहिली. निमित्ताशिवाय दारात पाऊल टाकेल असा तो नव्हता. फारच सरळमार्गी प्राणी! "सांधा नीट बसत नाहीये," असं ती दर सोमवारी धडधडीत खोटं सांगत राहिली. पण शाळेची परीक्षा तोंडावर आली, आणि फिल्म द्यावीच लागली.

"बरंय... येतो मग," डबा काखेत मारून तो म्हणाला.

जिन्यावरची पावलं दूर जाऊ लागली, तशी ती हातातला ब्रश टाकून धावली.

"मास्तर! ती फिल्म मी कधीचीच जोडली होती. तुम्ही यावं म्हणून देत नव्हते... आवडता तुम्ही मला!"

तो खालच्या वळणावर थांबला.

"जोडलेली होती, ते माहीत होतं मला. तुम्ही पाणी आणायला गेला होतात ना, तेव्हा बघितली मी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर त्याच दिवशी न्यावी लागली असती," तो म्हणाला आणि एकेक पायरी वर चढू लागला.