दाबा... धरा... सोडा

क्रेनवाल्यानं ती गाडी आमच्या वर्कशॉपच्या दारातच उतरवली आणि तो निघून गेला. दोन सीटची, जुनी, लाल स्पोर्ट्स कार. पुढची दोन्ही चाकं जाम. तिचा मालक बाजूला उभा राहून माझी माफी मागत होता... जणू त्यानंच ब्रेक धरून ठेवले होते.

तो घड्याळं दुरुस्त करायचा. मामाच्या माघारी गाडी त्याच्याकडे आली होती, आणि सहा वर्षं शेडमध्ये उभीच होती. बाबांनी वाकून पाहिलं. "कॅलिपर धरलेत," ते त्याला म्हणाले. "हे माझ्या मुलीचं काम."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझे हात पुसून झाले होते; मी ते उगाचच पुन्हा पुसले.

ब्रेक सोडला की कॅलिपरमधला, म्हणजे ब्रेकच्या चिमट्यातला, पिस्टन जरासा मागे सरायला हवा. इथे दोन्ही चाकांचे मिळून चारही पिस्टन गंजून जागच्या जागी बसले होते. ग्रीसगननं दाब देऊन मी ते एकेक करून बाहेर काढले. पण त्यांना गंजानं खड्डे पडले होते. नवे चार लेथवर करायला हवे होते.

तो रोज दुकान बंद करून यायचा. मी त्याला कॅलिपर घासायला दिले, तर तो ते मनगटी घड्याळासारखे हातात धरायचा. जोर लावा, मी म्हणाले. आयुष्यभर सगळ्यांनी हळू, हळू एवढंच सांगितलं, तो म्हणाला, जोर लावायला सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच. मी हसले... आणि कितीतरी वेळ हसू ओठांवरून जाईना.

तिसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं, की दूरच्या एका शहरातल्या संग्रहालयात त्याला वर्षभराचं काम मिळालंय. एक तारखेला हजर व्हायचंय. याच गाडीनं जाणार होता.

त्यानंतर माझा लेथ मंदावला. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, की चार पिस्टनना आठ दिवस लावणारा कारागीर त्यांनी केव्हाच घरी पाठवला असता.

शेवटी सगळं बसवलं. राहिली होती ब्रेकच्या नळीतली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात. तो आत पेडलवर, मी खाली चाकापाशी, हातात पाना. एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते.

"दाबा," मी म्हणाले. "धरा."

मी स्क्रू सैल केला, नळीतून बुडबुडे आले, स्क्रू आवळला.

"सोडा."

असं किती वेळा झालं कोण जाणे. मग त्याचा चेहरा दिसत नाही या धीरावर मी बोलून गेले, "पिस्टन मंगळवारीच झाले होते. मी मुद्दाम उशीर लावला."

मी सोडा म्हणाले, तरी पेडल वर येईना.

"मीसुद्धा एकच कॅलिपर दोन दोन वेळा घासत होतो," तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला. बाबा काहीतरी शोधायला आत गेले, आणि बराच वेळ त्यांना ते सापडेना. त्यानं किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"वर्ष मोठं असतं," तो म्हणाला. "थांबा असं सांगायचा मला हक्क नाही..."

"सांगून तर बघ," मी म्हणाले.

तो 'बघ' आम्हा दोघांनाही ऐकू आला. त्याचे कान लाल झाले.

"थांबशील?"

मी होकारार्थी मान हलवली.

गाडी रस्त्याच्या टोकाला गेली. तिथे वळणापाशी ब्रेकचे लाल दिवे लागले आणि ती अलगद, सरळ रेषेत थांबली. मग वळून दिसेनाशी झाली. काम अगदी चोख झालं होतं — आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या चोख कामाचा राग आला.