चौदा आणि पंधराच्या मध्ये

आमच्या विद्यापीठात खोटी बातमी पसरवायला कुणाची परवानगी लागत नाही, खरी पसरवायला लागते. ती देणारी खुर्ची माझी. दारावर पाटी आहे 'सुरक्षा व माहिती कक्ष'. आत एक टेबल, दोन कपाटं आणि भिंतीवर आवाराचा मोठा नकाशा. त्यावर मी बावीस टाचण्या टोचून ठेवल्या आहेत.

बावीस टाचण्या म्हणजे बावीस टेबलं. वीज गेली, मोबाईल बसले, तरी चालते अशी एकच वस्तू आमच्याकडे आहे. तिला सगळे फेरीचा फोन म्हणतात. जमिनीखालून तार गेली आहे, एका टेबलावरून पुढच्या टेबलाला, तिथून त्याच्या पुढच्याला, आणि बावीस नंबरवरून परत माझ्याकडे. हँडल फिरवलं की फक्त पुढच्याची घंटा वाजते. मागच्याला घंटा देता येत नाही, मधल्याच कुणाला गाठता येत नाही. ऐकलेलं वहीत उतरवायचं, देणाऱ्याला वाचून दाखवायचं, मग पुढे द्यायचं. पदरचा शब्द घालायचा नाही, आलेला गाळायचा नाही.

दर तीन महिन्यांनी सराव होतो. प्रत्येकाची वेळ मी टिपून ठेवते, आणि त्या वेळांवरून मला माणसं कळतात. चार नंबरचे प्राध्यापक निरोप घेताना मनातल्या मनात त्याचं व्याकरण सुधारतात आणि मग नाइलाजाने आहे तसा देतात. सतरा सेकंद जास्त. नऊ नंबर दर वेळी विचारतो, "हे लेखी मिळेल का?" अहो, तुम्हीच लिहिताय ना! चौदा नंबर म्हणजे कार्यशाळेचा भांडारपाल. त्याला आवारात तोफ म्हणतात. त्याला फोनची गरजच काय, असा प्रश्न पडावा असा आवाज. पंधरा नंबर वसतिगृहाच्या रेक्टरबाई. त्यांच्या नावापुढे माझ्या वहीत अकरा वर्षं एकच शेरा आहे: 'बाई संथ. चार मिनिटं.'

त्या दिवशी सकाळपासून वारा सुटला होता. दहापर्यंत वीज गेली, सव्वादहाला मोबाईल गेले. साडेदहाला आमच्या खिडकीसमोरून सायकलच्या शेडचा पत्रा उडत गेला, अगदी सावकाश, पान उलटावं तसा. कुलसचिव साहेब माझ्या खोलीत येऊन बसले. संकटात साहेबांना माझी खोली आठवते. एरवी त्यांना ती कोणत्या मजल्यावर आहे हेही सांगता यायचं नाही.

"कुणी बाहेर पडायचं नाही, हे कळवलंत?"

"दोनदा," मी म्हटलं.

अकराला ग्रंथालयाचा पहारेकरी कसाबसा धावत आला. कपाळातून रक्त येत होतं. ग्रंथालयात विजेच्या खोलीत पाणी शिरलं होतं आणि जळका वास सुटला होता. तो परत जाण्याच्या स्थितीत नव्हता, आणि दुसऱ्या कुणाला त्या पत्र्यांखालून पाठवायची माझी छाती नव्हती.

ग्रंथालय म्हणजे एकोणीस नंबर. आणि त्याच्या तळमजल्यावर, पुस्तक बांधणीच्या खोलीत, माझा धाकटा भाऊ. लहानपणापासून त्याचा डावा पाय कामाचा नाही, कुबडी घेऊन चालतो. पूर्वेच्या दाराला अकरा पायऱ्या आहेत. पश्चिमेच्या दाराला उतरण आहे. वीस वर्षं तो पश्चिमेच्या दारानेच ये-जा करतो.

अकरा वाजून पाच मिनिटांनी मी हँडल फिरवलं. "ग्रंथालय ताबडतोब रिकामं करा. सगळ्यांनी शेजारच्या क्रीडागृहात जमावं. मोजून कळवा. बाकीच्यांनी जागा सोडू नये."

बावीस मिनिटांनी माझी घंटा वाजली. बावीस नंबरवर मुख्य फाटकाचे काका असतात. खाकरून त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"ग्रंथालय ताबडतोब रिकामं करा. सगळ्यांनी शेजारच्या क्रीडागृहात जमावं. पश्चिम दाराने जाऊ नये. मोजून कळवा. बाकीच्यांनी..."

"काका, थांबा. पश्चिम दाराचं काय?"

"पश्चिम दाराने जाऊ नये."

"हे मी म्हटलेलं नाही."

"मी पण नाही म्हटलं. मला आलं ते वाचतोय."

इतक्या वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि आज अख्खं वाक्य! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणीतरी शहाणपणा केला होता. आणि त्या शहाणपणाने माझा भाऊ अकरा पायऱ्यांच्या डोक्यावर उभा राहणार होता, गर्दीत, एका पायावर. खरं सांगायचं तर नियमाचा राग किती आणि भावाची काळजी किती, याचा हिशोब मला तेव्हाही लागला नाही.

"दुरुस्ती पाठवा," साहेब म्हणाले. मी आधीच हँडल फिरवत होते.

"दुरुस्ती. पश्चिम दाराबद्दलचं वाक्य चुकीचं आहे. पश्चिम दार वापरावं. ज्यांना पायऱ्या चढता-उतरता येत नाहीत त्यांनी तिकडूनच जावं."

एक नंबरने अक्षर न अक्षर वाचून दाखवलं. मी घड्याळ समोर ठेवलं. साहेब खिडकीशी उभे राहून एकेका झाडाचं वय सांगत होते. मी 'हो का' म्हणत होते. निरोप कुठवर पोचला असेल ते मी टेबलावर बोटांनी मोजत होते. सात. आठ. नऊ, लेखी मिळेल का. तेरा. चौदा.

अकरा बावन्नला घंटा वाजली.

"वाचा काका."

"दुरुस्ती." काका थांबले. "पश्चिम दाराने कोणीही जाऊ नये. कोणीही नाही."

"पुढे?"

"एवढंच आहे."

"नीट बघा, काका."

"माझंच अक्षर आहे, मला वाचता येतं." मग जरा खालच्या आवाजात, "बाई, 'कोणीही नाही' हे मला दोनदा लिहायला सांगितलं."

मी रिसीव्हर ठेवला. साहेबांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं. ते म्हणाले, "तिसऱ्यांदा पाठवा."

मी हँडलवर हात ठेवला.

तेवढ्यात तो आवाज आला.

आवाज मोठा नव्हता. लांबून, वाऱ्यातून, एखादं जड कपाट कुणी जमिनीवर बसवावं तसा आला. टेबलावरचं पाणी पेल्यात हललं. साहेब म्हणाले, "ग्रंथालयाच्या बाजूला."

त्यानंतरची चौतीस मिनिटं माझ्या वहीत कोरी आहेत.

बारा सत्तावीसला काकांचा फोन. "एकोणीस नंबरकडून. पश्चिमेचा पोर्च वरच्या पाण्याच्या टाकीसकट खाली आला. आत गेलेले चारशे बारा. क्रीडागृहात चारशे अकरा."

साहेबांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि म्हणाले, "पुन्हा मोजायला सांगा." त्यांच्या लक्षात नव्हतं की मागे सांगता येत नाही. काकाही नुसतंच 'हो' म्हणाले.

एक कमी. आवारात मला ओळखणारा प्रत्येक माणूस तो आकडा लिहिताना कुणाचा विचार करत असेल, ते मला ठाऊक होतं.

बारा एकतीस. घंटा.

"चारशे बारा," काका नमस्कार-चमत्कार न करता ओरडले. "बारा, बाई! तुमचा धाकटा शेवटी आला. खुर्चीसकट आणलाय त्याला!"

माझा जीव भांड्यात पडला. मी आकडा लिहिला, त्याखाली रेघ मारली, पुन्हा लिहिला. साहेबांनी स्वतःचा रुमाल माझ्यापुढे केला आणि लगेच नकाशा बघायला लागले. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांचे खोलीचा मजला विसरण्याचे सगळे गुन्हे माफ केले.

दोनला वारा पडला. मी क्रीडागृहात गेले तर धाकटा व्यायामाच्या गादीवर ऐसपैस बसून दोन मुलांना पुस्तकाची शिवण समजावत होता.

"आल्या बघा माहिती कक्ष!" तो म्हणाला. "ताई, त्या वाक्यासाठी मी तुला किती शिव्या घातल्या सांगू?"

"घाल. आणखी घाल."

"अगं, पायऱ्या बघूनच मी मागे फिरलो. म्हटलं, हिला काय कळतंय तिकडे बसून. पश्चिम दाराची कडी काढली, एक पाय बाहेर टाकला होता. तेवढ्यात ग्रंथपालबाई किंचाळत आल्या, दुसरा निरोप आलाय, कोणीही नाही म्हणजे कोणीही नाही. या दोघा पहिलवानांनी मला उचललं. अकरा पायऱ्या, राजासारखा." मग माझ्याकडे बघून त्याचा आवाज बदलला. "तू इतकी ठासून सांगशील असं वाटलं नव्हतं. बरं झालं सांगितलंस."

मी त्याच्या शेजारी बसले. त्याच्या बाहीवर डिंक वाळला होता. तो नखाने खरवडत मी म्हटलं, "मी ते सांगितलं नव्हतं."

"मग?"

"मी तुला पश्चिम दारानेच जायला सांगितलं होतं."

त्याने बाही माझ्या हातातून सोडवून घेतली. मग म्हणाला, "बरं झालं, आपल्या घरात तुझं कुणी ऐकत नाही." आणि हसला. मलाही हसू आलं. मुलांना वाटलं असेल, भाऊ-बहीण वाचल्याच्या आनंदात हसताहेत. तेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी बावीस वह्या मागवल्या. एक ते चौदा माझी वाक्यं जशीच्या तशी. पंधरापासून बावीसपर्यंत दुसरी. म्हणजे शहाणपणा झाला तो चौदा आणि पंधराच्या मध्ये. मी कार्यशाळेत गेले.

"मी?" तोफ कडाडली. भांडारातले दोन स्क्रू हलले असतील. "मी शब्दही बदलला नाही! वही बघा ना!"

"बघितली. पण रेक्टरबाईंनी वेगळंच उतरवलंय."

"मला त्यांनी बरोबर वाचून दाखवलं. अक्षर न अक्षर. त्या नेहमीच सावकाश वाचतात." तो जरा घुटमळला. "काल दुरुस्ती वाचून झाल्यावर मात्र त्यांनी विचारलं, 'हे नक्की सांगायचं?' मी म्हटलं, आपल्याला काय, वरून आलंय ते पुढे. तर म्हणाल्या, 'बरं.' बाई, त्यांना घशाचा काही त्रास आहे का हो? किती वर्षं ऐकतोय, आवाज अगदी घोगरा. पुरुषासारखा."

रेक्टरबाईंचा आवाज मला माहीत होता. वसतिगृहातल्या मुली त्याला शिट्टी म्हणतात.

तिथून मी टेलिफोन मेकॅनिकला बरोबर घेतलं. त्याने दोन्ही टोकं तपासली. चौदा ते पंधरा एकच अखंड तार, मध्ये एकही जोड नाही. वरून मी स्वतः चालत गेले. मध्ये फक्त गवताचं मैदान आहे; मी इथे लागायच्या आधी तिथली इमारत एका वादळात माणसांसकट पडली होती. गवत वाऱ्याने एका बाजूला झोपलं होतं.

रेक्टरबाईंनी मला बसवलं, चहा दिला. मी विचारलं, "तुम्हाला निरोप देतो तो भांडारपाल कसा आहे?"

"सज्जन माणूस," त्या किणकिणल्या. "कधी समोरासमोर भेट नाही, पण इतका हळू बोलणारा पुरुष मी पाहिला नाही. आधी विचारणार, 'कागद-पेन घेतलंत ना? घाई नाही.' मग एकेक शब्द सोडणार. म्हणून तर माझी चार मिनिटं जातात, आणि तुम्ही माझ्या नावावर मांडता. मला कळतं हो सगळं."

"पहिल्यापासून असंच?"

"मी आले तेव्हापासून."

मी कप खाली ठेवला. त्यांना काय सांगायचं ते ठरवून मी आले होते, पण सांगितलं नाही. साहेबांना द्यायच्या अहवालाचा मसुदा माझ्या पर्समध्ये होता: 'वाढीव वाक्याचा उगम: आढळला नाही. जखमी: एक, किरकोळ. मृत: शून्य.' त्यावर ते सही करणार हे मला ठाऊक होतं. शून्यावर कुणीही सही करतं. मला एवढंच वाटत होतं की घरी जावं, धाकट्याला समोर बसवून जेवताना बघावं, आणि पुन्हा हा विषय काढू नये.

मी उठले. रेक्टरबाई दारापर्यंत आल्या.

"त्यांना सांगा हं, माझ्याकडून धन्यवाद," त्या म्हणाल्या. "काल गडबडीत राहून गेलं. चारच्या सुमाराला पुन्हा वाजला होता ना त्यांचा फोन."

चारला फेरी नव्हती. दोनलाच आकडा सगळ्यांना कळवून मी ती बंद केली होती.

"काय म्हणाले?"

"काही नाही, चौकशी. सगळे बाहेर आले का, विचारत होते. म्हटलं, आले. तर म्हणाले, 'मोजून?' म्हटलं, मोजून, चारशे बारा. मग किती तरी वेळ बोललेच नाहीत. मला वाटलं, लाईन गेली."

"मग?"

"मग म्हणाले, 'या खेपेला सगळे.' आणि ठेवला."