आपण कुणाकडच्या?

नवरा उशी आणायला गेला होता. बाळाला मांडीवर नीट उंचीवर धरता यावं म्हणून एक जाडसर उशी लागते, असं सिस्टरने सांगितलं आणि तो तडक निघाला. एवढ्या तत्परतेने तो आजवर कशालाच निघाला नव्हता. पण कालपासून त्या खोलीत जे चाललं होतं ते पाहून त्याला बाहेरचं कुठलंही काम चाललं असतं.

प्रसूतिगृहाची ती खोली वरच्या मजल्यावर, व्हरांड्याच्या अगदी टोकाला होती. एक पलंग, चाकांचा पाळणा, एक गुबगुबीत खुर्ची आणि एक लोखंडी स्टूल. खुर्चीवर सासूबाई बसत. स्टुलावर इतर मानवजात.

पलंगावर बसलेली ती एरवी गाडी शिकवायची. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तिचा पाय त्यावरून कधी उठत नसे, म्हणून शिकणारे तिला मागून ब्रेकबाई म्हणत, आणि पुढे पुढे तोंडावरही. भल्याभल्यांना तिने चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायला शिकवलं होतं. बाळंतपणातसुद्धा तिने शेवटच्या कळेपर्यंत डॉक्टरीणबाईंना सूचना दिल्या. "घाई नको, अंदाज घ्या," असं ती कळा देता देता म्हणाल्याचं सिस्टर सगळ्या मजल्यावर सांगत हिंडत होती.

आणि आता वीतभर लांबीचा एक जीव तिला जुमानत नव्हता. छातीशी धरलं की बाळ लालबुंद व्हायचं, पाठीची कमान करायचं आणि त्याला कुणी विष पाजत असल्यासारखा टाहो फोडायचं. तोंडात धरायचं, लगेच सोडायचं, मग जे समोर आहे तेच डोकं इकडेतिकडे आपटून शोधायचं. "काखेत कळसा नि गावाला वळसा," सासूबाई म्हणाल्या. "बापावर गेलंय."

सल्ल्यांना तोटा नव्हता. सासूबाईंचं म्हणणं, आडवं धर. सिस्टरचं म्हणणं, काखेत धरा, फाइल धरतो तसं. नवऱ्याने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. त्यातली आई बाळाला पाजताना हसत होती. ते पाहून ती ढसाढसा रडली आणि नवऱ्याने फोन खिशात घातला.

सकाळी मुलांचे डॉक्टर येऊन गेले होते. बाळ अशक्त आहे, त्याच्या पोटात दूध गेलंच पाहिजे, संध्याकाळच्या फेरीपर्यंत ते नीट प्यायलं नाही तर खाली काचेच्या खोलीत नेऊन नळीने पाजू, असं ते शांतपणे सांगून गेले. नळी म्हणजे अगदी बारीक असते, नाकातून घालतात, तुम्ही काळजी करू नका. तेव्हापासून ती त्या इवल्याशा नाकाकडे पाहत होती.

तिची आई गेल्या वर्षी गेली. हे वाक्य घरात कुणी पूर्ण म्हणत नसे. "आई असती तर" इथपर्यंत यायचं आणि पंख्याकडे बघायचं.

जेवणानंतर सारा मजला निजला. खिडकीला खेटून पलीकडची इमारत उभी होती, त्यामुळे भरदुपारीही खोलीत तिन्हीसांजेचा उजेड असायचा. सासूबाईंची मान खुर्चीत कलली. बाळ रडत होतं. बाहेर औषधांची गाडी चाकं कुरकुरत येत होती. ती दाराशी आली असावी, नसावी… चाकांचा आवाज मधेच थांबला. दूर गेला नाही, थांबला. मग पंख्याची घरघरही कुणी रजई टाकून झाकल्यासारखी बारीक झाली. कपडे उकळत ठेवल्यावर येतो तसला ओलसर, गरम वास खोलीत पसरला. आणि बाळ रडता रडता, तोंड उघडं ठेवूनच, गप्प झालं.

स्टुलावर एक बाई बसली होती.

वयस्क होती. कपडे धुऊन धुऊन फिकट झालेले, केस घट्ट बांधलेले, दोन्ही हात मांडीवर. ती केव्हा आली ते कुणाला कळलं नाही, पण आल्या माणसाला 'केव्हा आलात' विचारणं बरं दिसत नाही. नवऱ्याला आत्या किती, हे खुद्द नवऱ्यालाही धड सांगता येत नसे. लग्नात ती रांगेने सगळ्यांच्या पाया पडली होती, त्यामुळे तिला त्यांचे पाय ओळखीचे होते, तोंडं नव्हती. ही त्यातलीच एखादी, असं समजून तिने बसल्या जागी मान लववली आणि म्हटलं, "या आत्या."

तेवढ्याने सासूबाईंना जाग आली. त्यांनी बाईंकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, चटकन उठल्या आणि हयातीत पहिल्यांदाच ती खुर्ची दुसऱ्याला दिली. थर्मासमधला चहा ओतला. साखर किती, असं विचारलंसुद्धा. बाईंनी उत्तर दिलं नाही. कपाला हातही लावला नाही. सासूबाई स्टुलावर अवघडून बसल्या आणि ओठ मिटून राहिल्या. एरवी एवढा अपमान झाला असता तर व्हरांड्यापर्यंत ऐकू गेलं असतं.

बाई उठून पलंगाशी आल्या. कानाशी वाकल्या.

"खांदे पाड, पोरी…"

आवाज अगदी कानाला लागून होता, पण कानाला श्वास लागत नव्हता. तिने खांदे पाडले. हेच वाक्य ती स्वतः रोज दहा जणांना सांगायची.

"तू वाकू नकोस. त्याला आण… तुझ्याकडे."

तिने बाळाला पोटाला पोट लावून वळवलं. बाई हळू हळू सांगत गेल्या. त्याचं नाक समोर येऊ दे. मानेला आधार दे, डोकं दाबू नकोस. आता थांब. तो तोंड उघडेल, लहानसं. ते नको. थांब. पुन्हा उघडेल. तेही नको. ब्रेकबाईला इतकं थांबायला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मग बाळाने जांभई द्यावी तसा मोठा आ केला.

"आता."

कळ मस्तकात गेली. मग ओढ लागली, आतून, पाठीपासून. बाळाचा जबडा संथ हलू लागला आणि शांत खोलीत एक बारीकसा आवाज आला, घुटुक. मग दुसरा. तिने डोळे पुसायला मान वर केली, तेव्हा दिसलं की दर घोटाला बाईंचाही गळा हलतो आहे. बाळ थांबलं की थांबतो.

लेकरू प्यायल्याचा आनंद एवढा मोठा होता, की तिने त्या गळ्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंच नाही. बाई केव्हा निघाल्या हेही तिला समजलं नाही. सासूबाई त्यांना दारापर्यंत पोचवायला गेल्या आणि बराच वेळ काहीतरी बोलत राहिल्या, इतकंच तिच्या कानावर पडलं.

दिवेलागणीला डॉक्टर आले. बाळाला उलटं-सुलटं पाहून म्हणाले, उत्तम, काचेच्या खोलीचं कारण नाही. ते गेल्यावर सासूबाईंनी सुटकेचा नि:श्वास टाकला.

"काही म्हण, तुझ्या मावशींच्या हाताला गुण आहे. जरा तुसड्या आहेत, पण गुण आहे."

"कुठल्या मावशी?"

"दुपारच्या."

"त्या माझ्या मावशी नाहीत, आई. त्या तुमच्याकडच्या आत्या ना?"

सासूबाईंनी मनातल्या मनात सगळ्या नणंदा मोजल्या, चुलत धरून. मग सावकाश म्हणाल्या, "आमच्याकडे इतकं कमी बोलणारं कुणी नाही."

ब्लडप्रेशर बघायला आलेल्या सिस्टरला विचारलं. तिनेही जाता जाता बाईंना पाहिलं होतं. सासूबाईंनी खुर्ची दिली म्हणजे सासूबाईंच्याही वरचं कुणीतरी असणार, हा तिचा तर्क. दवाखान्याची तर ती बाई नक्कीच नव्हती. खालच्या पहारेकऱ्याला विचारलं, तर त्याने छाती पुढे काढली. वर सोडण्याचा पास एकच, तो सासूबाईंकडे. त्याच्या समोरून माशी जात नाही. खुद्द बाळाच्या बापाला त्याने सबंध दुपार बाकावर बसवून ठेवलं होतं. ते खरं होतं, कारण बाप त्याच्या मागेच उभा होता, आणि त्याच्या हातात प्रवासात मानेला लावायची उशी होती.

सगळे गेल्यावर सासूबाई पलंगाच्या कडेला टेकल्या. खुर्चीकडे पाहीनात.

"व्याह्यांकडचं माणूस. 'आपण कोण' विचारायचं म्हणजे लग्नात मी त्यांना धड पाहिलंसुद्धा नाही असं व्हायचं. म्हणून नाही विचारलं. खुर्ची दिली. चहा दिला." त्या थांबल्या. "जाताना मीच त्यांना म्हणाले, घरी या."

"तसं सगळेच म्हणतात, आई."

"पत्ता सांगितला."

तिने चाकांचा पाळणा पलंगाजवळ ओढून घेतला.

"खुणेसकट… औषधाच्या दुकानावरून आत, निळ्या कठड्याचा जिना. म्हटलं, तुला आई नाही. तुझ्याकडचं कुणी आलंय, तर नीट बोलावलं नाही असं नको व्हायला."

तिने सासूबाईंचा हात हातात घेतला. पंखा घरघरत होता, आणि तो घरघरतोय ना याकडे दोघींचंही लक्ष होतं.

घरी आल्यावर बाळ-बाळंतीण दोघंही मार्गी लागली. मानेची उशी मांडीवर अगदी चपखल बसली, त्यामुळे नवरा आपल्या दूरदृष्टीबद्दल भेटेल त्याला सांगू लागला. ती खांदे पाडून, थांबून, मोठा आ येईपर्यंत वाट पाहून पाजायची. कुणाच्या मदतीशिवाय. प्रत्येक वेळी तिला नवा परवाना मिळाल्यासारखं वाटायचं. सासूबाई मात्र दारावरची कडी काढेनाशा झाल्या. घंटा वाजली की आतूनच विचारत, "आपण कुणाकडच्या?" मीटर बघायला आलेला माणूस गोंधळून म्हणाला, "वीज कंपनीकडचा."

एका दुपारी सासूबाई भाजी आणायला गेल्या होत्या, नवरा कामावर होता. ती न्हाऊन आली. पाजायची वेळ टळून गेली होती, छाती दगडासारखी ठणकत होती. नवल म्हणजे बाळ रडलं नव्हतं. तिने त्याला पलंगावरून उचललं, उशी घेतली, नाक समोर आणलं आणि थांबली.

बाळाने तोंड फिरवलं.

तिने पुन्हा जवळ घेतलं. त्याने पुन्हा फिरवलं, पण रागाने नाही. पंगतीतून उठलेला माणूस आग्रहाला हात आडवा धरतो, तसं. पोट टम्म होतं. एक लांबलचक ढेकर देऊन त्याने डोळे मिटले, आणि ओठांच्या कोपऱ्यातून दुधाची धार हनुवटीवर ओघळली. पांढरी, ताजी. घरात बाटली नव्हती. दाराला आतून कडी होती, भाजीला जाताना सासूबाईंनीच तिला लावायला लावली होती.

भीती तिला वाटली. पण खरं सांगायचं तर त्याच्या आधी तिला राग आला. एवढं रक्ताचं पाणी करून शिकले, ते कशासाठी?

"आत्या…" ती रिकाम्या खोलीला म्हणाली. आवाज बारीक निघाला, पण निघाला. "उपकार झाले तुमचे. आता मला येतं. मीच पाजीन त्याला."

तिला स्वतःचंच बोलणं फार रुक्ष वाटलं. दारी आलेल्याला असं तोडून बोलायचं घरात कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवण भीतीपेक्षा जुनी असते. म्हणून तिच्या तोंडून, ती आवरायच्या आत, निघून गेलं, "बसा ना."

गादीची पलीकडची कड हळूहळू खाली गेली. कुणीतरी पाहुण्यासारखं, अवघडून, अगदी कडेलाच टेकावं तशी.

बाळाचे डोळे मिटलेलेच होते. त्याने मान तिकडे वळवली आणि मोठा आ केला. तिने त्याला घाईघाईने उचलून दुसऱ्या कुशीत घेतलं, छातीशी घट्ट धरलं. तिचं दूध आपसूक वाहून अंगावरचा कपडा भिजला होता. बाळाने तिच्याकडे पाठ केली, तोंड पुन्हा त्या दबलेल्या गादीकडे नेलं, रिकाम्या हवेत ओठ लावले, आणि त्याचा एवढासा गळा संथपणे, तृप्तपणे हलू लागला.