नक्की पुसायचं?

दिवा राहू दे तसाच. कुणी उठू नका मधेच.

माझ्या मेव्हण्याच्या मित्राची गोष्ट आहे, पोरांनो. खोटी असती तर बिचाऱ्याची नोकरी गेली नसती.

तो एका कचेरीत नेटवर्क सांभाळायचा. इमारतीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी जिथे एकत्र येतात, तो स्विच एकदा भर दुपारी कुणीतरी बंद पाडला. दिवसभर काम ठप्प. बंद करायचा हुकूम गेला होता ह्याच्या नावाने, आणि हा तर बायकोच्या बाळंतपणासाठी रजेवर! जाताना पासवर्ड एकाच माणसाला दिला होता, वरच्या साहेबाला. त्याला हा दादा म्हणायचा.

"तू निश्चिंत जा रे, मी आहे ना," दादा म्हणाला होता.

चौकशीत मात्र त्याने सरळ हात झटकले. "छे! मला कुठे दिला पासवर्ड?" आणि आठवड्याभरात दादा हृदयविकाराने गेला.

मार्चमधला गुरुवार. रात्रीचे सव्वादोन. सकाळी दहाला शेवटची सुनावणी. ह्याने स्विचची खोली उघडली, लॅपटॉपची वायर जोडली. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, की स्विच उत्तर देतो. ह्याने जुन्या नोंदी मागवल्या. त्या दुपारची ओळ सापडली. नाव ह्याचं, पण हुकूम निघाला होता दादाच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून.

"भावासारखा मानला रे तुला," तो मोठ्याने म्हणाला. संतापाने त्याला रडू फुटलं. फोटो काढायला त्याने खिशातून मोबाइल काढला.

पडद्यावर एक अक्षर उमटलं.

ह्याचे हात कीबोर्डवर नव्हते.

दुसरं अक्षर... तिसरं... नोंदी पुसायचा हुकूम. स्विचने नेहमीसारखं विचारलं, नक्की पुसायचं?

"नको... दादा, नको ना..."

त्याने वायर उपटली. वायर हातात आली. प्रश्न तिथेच.

एंटरचं बटण आपोआप खाली गेलं. सावकाश...

सकाळी नोंदी कोऱ्या निघाल्या. ह्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मेल्यावरही त्या माणसाने ह्याचा केसाने गळा कापला.

ह्याच्या जागी नवा माणूस आला. दादाचं कॉम्प्युटरवरचं लॉगिन खातं दादा गेला त्याच दिवशी काढून टाकलं होतं, तरी स्विचवर ते त्याला दिसलं. तो रोज संध्याकाळी ते काढतो.

सकाळी ते परत असतं... आणि शेवटचा प्रवेश, रात्री सव्वादोन.