मागच्या रेषेवरचा माणूस

लाजू आली नाही, म्हणून शालनला चिंतामणी भेटला. एवढी साधी गोष्ट.

लाजू म्हणजे लाजवंती, उल्हासनगर कॅम्प चारची सिंधी मुलगी, शालनची दुहेरीतली जोडीदार. नेमका त्याच सकाळी तिला ताप भरला, आणि स्पर्धा तर तोंडावर आलेली! ब्याण्णवच्या त्या डिसेंबरात अंबरनाथच्या कारखान्याच्या कॉलनीत पहिल्यांदाच महिलांची व्यावसायिक दुहेरी टेनिस स्पर्धा होणार होती. पार मद्रास-कलकत्त्याहून मुली येणार होत्या. शालन बेलवलीहून सकाळी सहाला कोर्टावर पोचली, तर तिथे एक उंच, चष्मेवाला तरुण एकटाच सर्व्हिस मारत होता. हा कॉलनीतल्या मोठ्या साहेबांचा मुलगा, हे तिला ऐकून माहीत होतं.

"माझी पार्टनर आजारी आहे. माझ्या बाजूनं खेळता का? समोर क्लबचे दोन काका आहेत."

तो खेळायला उभा राहिला. पहिलाच चेंडू उंच उडून दोघांच्या मधोमध आला. अशा वेळी दुहेरीत एकानं पटकन ओरडायचं असतं... माझा, नाहीतर तुझा. पण चिंतामणी पडला घरंदाज! अनोळखी मुलीला एकदम अरेतुरे कसं करायचं?

"तु... तुमचा!" तो म्हणाला. तोवर चेंडू दोघांच्या मागे जाऊन पडला होता.

"अहो, चेंडू थांबतो का तुमच्या अहोजाहोसाठी?" शालननं कमरेवर हात ठेवले. "तुझा म्हणायचं. दोन अक्षरं, खल्लास."

"एकदम तुझा?"

"फक्त कोर्टावर. बाहेर पडलं की परत अहो."

"मग कोर्टाबाहेर पडायची घाई नाही मला..." तो हसला, आणि शालन उगाचच रॅकेटच्या तारा सरळ करत बसली.

लाजूचा ताप दोन दिवसांत उतरला. या दोघांचा मात्र चढतच गेला. लाजू परत आली तरी सरावाला समोरच्या बाजूला, नाहीतर बाजूच्या बाकावर, चिंतामणी असायचाच. बोलणं मात्र टेनिसपलीकडे जाईना. शालनला त्याचा राग यायचा आणि रात्री घरी तोच राग आठवून हसूही यायचं.

पण तिच्या डोक्यावर टांगती तलवार होती. तिचे बाबा, किसनराव, त्याच कारखान्यात फिटर. त्यांनी एकदाच सांगितलं होतं, "जिंकलीस तर बंगलोरच्या स्पर्धेला मी स्वतः गाडीत बसवून देईन. हरलीस तर कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट. मग रॅकेट नाही." बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

शालन-लाजू फायनलला पोचल्या. अर्धी बेलवली आणि अर्धा कॅम्प चार बघायला लोटला. चेंडू आत पडला की बाहेर ते सांगायला रेषांवर बसणारी माणसं कमी पडली, म्हणून क्लबनं आपलीच मुलं बसवली. मागच्या रेषेवर बसला चिंतामणी. रेषेवरच्या माणसानं 'आउट' सोडून तोंड उघडायचं नाही, हा नियम.

तिसरा सेट. मद्रासची जोडी जिंकायला एकच पॉइंट बाकी. त्यात आधीच लाजूचे मामा प्रेक्षकांतून "पीछे मार, पीछे!" असं ओरडले होते आणि कलकत्त्याच्या पंचांनी ताकीद दिली होती : बाहेरून पुन्हा सूचना आली, तर एक पॉइंट समोरच्यांना. म्हणजे खेळ खलास.

चेंडू उंच उडाला. उन्हात दिसेना. लाजूनं शालनकडे बघितलं, शालननं लाजूकडे...

"शालन, तुझा!"

आवाज मागच्या रेषेवरून आला होता! शालननं बेभान होऊन चेंडू हाणला. तो समोर सणसणीत पडला, पण टाळी एकही वाजली नाही. सगळं मैदान तोंडात बोट घालून चिंतामणीकडे बघत होतं.

मद्रासच्या मुली तावातावानं पंचांकडे धावल्या. सूचना! ही सूचनाच आहे! याच माणसानं, ज्याची शालन रोज वाट बघायची त्यानंच, सगळ्यावर पाणी फिरवलं होतं.

पंचांना मराठीचा गंध नव्हता. त्यांनी चिंतामणीला बोलावलं. "क्या बोला आप? मतलब क्या है?"

चिंतामणी पांढराफटक पडला होता. "मतलब... तुम्हारा."

"क्या तुम्हारा? बॉल?"

"नहीं सर." त्यानं शालनकडे पाहिलं. "बॉल नहीं. मैं."

कोणीतरी खुर्चीवरून खाली पडलं म्हणतात. लाजूच्या तोंडून "हे झूलेलाल!" निघालं. शालनला आधी ऐकू आलं, मग खूप वेळानं कळलं, आणि मग कानशिलं तापून कोर्ट गरगर फिरायला लागलं. पंचांनी चष्मा काढून पुसला. ही सूचना नव्हे, व्यत्यय आहे, असं म्हणून त्यांनी पॉइंट पुन्हा खेळायला लावला आणि चिंतामणीला कोर्टाबाहेर काढलं.

पुढचे पॉइंट लाजू एकटीच खेळली म्हटलं तरी चालेल. "अड़ी, होश में आ! बंगलोर जाना है ना?" असं म्हणत ती धावत राहिली, आणि त्या दोघी जिंकल्या.

कप घेऊन शालन थेट पाण्याच्या टाकीमागे गेली. चिंतामणी तिथे मान खाली घालून उभा होता. काही बोलायच्या आत बाबा आले आणि त्यांनी तिच्या हातातून कप काढून घेतला.

"साहेब, एकच विचारतो. पंचांना सांगितलंत ते खरं, का पोरीची मॅच वाचवायला मारलेली थाप? थाप असेल तर हा कप चोरीचा. आत्ताच्या आत्ता परत करतो. बंगलोर गेलं उडत."

बाबा करणार म्हणजे करणार.

"चेंडू मी पाहिलाच नाही, काका," चिंतामणी हळूच म्हणाला. "मी यांच्याकडे बघत होतो. यांचा चेहरा घाबरलेला दिसला आणि... तोंडातून निघून गेलं. लाइनमन म्हणून मी नालायक आहे. पण सांगितलं ते खरं आहे."

"आम्ही बौद्ध. फिटरची पोर आहे ती. तुमच्या बंगल्यावर हेच सांगाल?"

"घरचे पहिल्या रांगेत होते. सगळं ऐकलंय त्यांनी. आई अजून खुर्चीतून उठलेली नाही."

बाबांच्या मिशीत काहीतरी हललं. पण ते लगेच शालनकडे वळले. "आणि तू? यात तुझं काही नसेल, तर पोराची इभ्रत घालवून मिळालेला कप मला घरात नको. बोल."

टेनिस गेलं असतं तर शालन रडली असती, पण हा माणूस गेला असता तर... तिचं तिलाच नवल वाटलं. तिनं पुढे होऊन बाबांच्या हातातून कप ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

"परत द्यायचा नाही, बाबा."